पुडीत काय होते?

आरोग्यसेवेचे भवितव्य कोणत्या शक्तींच्या हाती आहे, या विषयावर आपल्या संमेलनांतून परिसंवाद झाला नाही असे वर्ष अलीकडे जात नाही. वक्ते अभ्यासू असतात. कोणी शासकीय धोरणाकडे बोट दाखवितात, कोणी औषधनिर्मात्यांकडे, कोणी विमाव्यवसायाकडे, तर कोणी संगणकाकडे. श्रोते टाळ्या वाजवितात, भोजनोत्तर सत्रात थोडी डुलकीही काढतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या चिकित्सालयात जाऊन पुन्हा पुड्या बांधू लागतात. आम्हीही त्यांतलेच. या शक्ती दिल्लीत किंवा जिनिव्हात कोठेतरी वावरत असतात, तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचायला त्यांना अवकाश आहे, अशी आमचीही समजूत होती. एका दूरध्वनीने ती दूर केली.

प्रसंग आठ-नऊ वर्षांपूर्वीचा, श्रावणातला. आमवातासाठी पाच महिने आमच्याकडे औषध घेणारी पन्नाशीची एक शेतकरी स्त्री कावीळ होऊन जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात दाखल झाली. रात्री साडेनऊच्या सुमारास तेथील तरुण एम.डी. डॉक्टरांचा दूरध्वनी आला. स्वर सौजन्याचा होता. “सर, पेशंट तुमच्याकडची पावडर घेत होत्या. पुडीत काय होतं, तेवढं सांगाल का?”

आम्ही केसपेपर काढला. वर नाव, वय, गाव. त्याखाली ‘आमवात’. त्याखाली पहिल्या भेटीची तारीख आणि ‘मिश्रण क्र. ३ व गुग्गुळ, सात दिवस’. त्यापुढे पाच महिने एकच शब्द ओळीखाली ओळ असा उतरत गेला होता : पूर्ववत्, पूर्ववत्, पूर्ववत्. मिश्रण क्रमांक तीन म्हणजे काय, हे आम्हांला आणि आमच्या कंपाउंडरला ठाऊक होते. कागदाला ठाऊक नव्हते. आम्ही स्मरणाने घटक सांगितले. सुंठ, गुळवेल, रास्ना, एरंडमूळ आणि सोबत सिंहनाद गुग्गुळाच्या गोळ्या. प्रमाण? तेही सांगितले, बरेचसे अंदाजाने. गोळ्या कोणत्या कंपनीच्या, बॅच क्रमांक काय? तो डबा संपून दुसरा आलेला होता आणि पहिला रद्दीत गेला होता. गुळवेल कोठून आणली? येथे आम्ही अडखळलो. ज्येष्ठात नेहमीच्या काष्ठौषधीच्या दुकानात माल नव्हता म्हणून दुसऱ्या व्यापाऱ्याकडून मागविली होती, हे तेव्हा प्रथम आठवले. ती आम्ही हातात घेऊन नीट पाहिली होती काय? भरडलेली आली होती. भरडीत काय पाहणार! शेवटी त्यांनी विचारले, “यात एखादं भस्म वगैरे?” आम्ही ठामपणे नाही म्हणालो. तो ठामपणा खरा होता. परंतु आमच्या शब्दापलीकडे त्याला आधार नव्हता.

मध्ये मध्ये ते डॉक्टर थांबत होते, कारण ते लिहून घेत होते. आमच्या औषधाची पहिली संपूर्ण नोंद अशा रीतीने आमच्या कागदावर न होता त्यांच्या कागदावर झाली.

दोन दिवसांनी रक्ततपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. पावसात गावच्या विहिरीचे पाणी दूषित झाले होते आणि त्याच आळीतील आणखी काही जणांना कावीळ झाली होती. बाई यथावकाश बऱ्या झाल्या. आम्ही सुटलो, पण आम्हांला सोडविले ते प्रयोगशाळेने. समजा, तपासणीत काहीच निघाले नसते, तर आम्ही काय पुढे केले असते? ‘पूर्ववत्’ हा शब्द?

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. भवितव्य घडविणाऱ्या म्हणून ज्या शक्तींची नावे आपण घेतो, त्या बाहेरून कितीही भिन्न दिसोत, आपल्या दाराशी आल्यावर त्या सगळ्या हेच विचारतात की, तुम्ही कोणाला, कशासाठी, काय दिले आणि पुढे काय झाले. या प्रश्नाचे लेखी उत्तर आपल्यापैकी फार थोड्यांजवळ आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विद्वत्तेचा किंवा हातगुणाचा हा प्रश्न नाही.

प्रथम रोगांचेच पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचे दाखविले. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के, तर उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार साठी ओलांडलेले लोक २०२२ मध्ये सुमारे १०.५ टक्के होते, ते २०५० पर्यंत सुमारे २०.८ टक्के होतील. हे आकडे आपल्या लाभाचे म्हणून सांगितले जातात. जीर्ण व्याधी आणि जरा, म्हणजे आपलेच क्षेत्र! यात तथ्य आहे. परंतु जीर्ण व्याधीचा रुग्ण एका वैद्याचा नसतो. तो सकाळी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड घेतो, रात्री रक्तदाबाची गोळी घेतो आणि जेवणाआधी आपले चूर्ण घेतो. आपल्या चूर्णात गुडमार असेल, तर ग्लिमेपिराइडच्या जोडीने त्याची साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. खोकल्यासाठी दीर्घकाळ दिलेले ज्येष्ठमध रक्तदाब वाढविते आणि पोटॅशियम उतरविते. मूत्रल गोळी चालू असलेल्या वृद्धास ते भोवू शकते. हे आपण जाणतो, पण ज्याच्या हाती त्या रुग्णाची जाड फाइल आहे त्या दुसऱ्या डॉक्टरला आपली पुडी म्हणजे कोरे पान. कोऱ्या पानावर मनुष्य आपल्या पूर्वग्रहाप्रमाणे काहीही लिहितो. ‘देशी औषध घेतल्याचा इतिहास’ हे शब्द आपण सर्वांनी कोणत्या ना कोणत्या डिस्चार्ज कार्डावर वाचले असतील. ते वाचून संताप येतो. आम्हांलाही यायचा. आता असे वाटते की, त्या डॉक्टरने याहून अधिक लिहावे एवढे आपण त्याला दिले तरी होते काय?

विम्याविषयी थोडक्यात. १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने स्थान द्यावे, असे निर्देश विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना दिले. आपल्याकडे पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होते. पुढे आमच्या एका स्नेह्यांच्या पंचकर्म रुग्णालयातील पहिलाच दावा परत आला. आठ दिवसांच्या नोंदीत प्रत्येक दिवशी ‘बस्ती दिला’ एवढेच होते. कोणता बस्ती, द्रव्ये कोणती, मात्रा किती, प्रत्यागम केव्हा झाला, यांपैकी एक अक्षर नाही. स्नेही कंपनीवर रागावले. आम्ही त्यांना विचारले, सम्यक् लक्षणे उत्पन्न झाली की नाही हे तुम्ही तरी कशावरून ठरविले? त्यांना आठवत होते. विमा कंपनीला आपली आठवण कशी पाठविणार?

सांकेतांकांचा विषय अधिक नाजूक आहे. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ या पोर्टलाद्वारे आपल्या व्याधिनामांचे संकेतांक उपलब्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आधी चिनी परंपरेतून आलेल्या वैद्यकास जागा दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानीसाठी दुसरा विभाग खुला केला. यावर आपल्यातील ज्येष्ठांचा आक्षेप असा की, दोषदूष्यसंमूर्च्छना आकड्यात बसत नाही. दोन रुग्णांचा आमवात एक नसतो, मग त्यांचा आकडा एक कसा? आक्षेप खरा आहे आणि तो थट्टेने उडवून लावण्यासारखा नाही. आमवाताच्या ज्या रुग्णात आम प्रबळ आहे त्याला लंघन आणि वालुकास्वेद. जो निराम झाला आहे आणि ज्याचा वात रूक्षतेने वाढला आहे त्याला स्नेह. हा भेद संकेतांकात येत नाही. पण मग तो कोठे येतो? आमच्या जुन्या केसपेपरवरही तो येत नव्हता. तेथे तर आकडाही नव्हता, नुसते ‘आमवात’ होते.

वस्तुतः रुग्णाची व्यवस्थित नोंद हे परकीय खूळ मानण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय अशी दशविध परीक्षा सांगितली आहे. एका कोऱ्या कागदावर ही दहा नावे एकाखाली एक लिहा आणि समोर जागा सोडा, रुग्णपत्रक तयार! महाविद्यालयात आपण सर्वांनी असे पत्रक शंभर वेळा भरले. परीक्षकासमोर सारपरीक्षा सांगताना आमची जीभ कोरडी पडली होती, तो दिवस आजही आठवतो. पदवी हाती आल्यावर मात्र ते पत्रक आपण प्रथम टाकले. बाजारच्या दिवशी साठ रुग्ण रांगेत असताना संहनन कोण लिहीत बसणार, हा युक्तिवाद आम्ही स्वतः वीस वर्षे केला आहे.

आपल्याच तरुण पिढीकडे पाहा. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. महाराष्ट्रात सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन या पदांवर गेलेल्यांत बी.ए.एम.एस. पदवीधरांची संख्या फार मोठी आहे. २०२३ मध्ये त्या केंद्रांचे नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले. आमच्याकडे पूर्वी सहायक म्हणून काम केलेली एक कन्या अशा केंद्रावर आहे. ती दिवसभर नोंदी करते : रक्तदाब, साखर, गर्भवतींची तपासणी, बालकांचे लसीकरण, सारे त्या त्या दिवशी संगणकावर. या कामाची तिला सवय झाली आहे आणि त्यात ती आमच्यापेक्षा कितीतरी तरबेज आहे. मात्र त्या नोंदींत अग्नी नाही, कोष्ठ नाही, निद्रा नाही. आम्ही तिला विचारले, तू रुग्णाचा कोष्ठ विचारतेस का? ती म्हणाली, “विचारते सर, पण लिहायला रकाना नाही.” रकाने शासनाने का दिले नाहीत, असा ठराव करणे सोपे आहे. पण शासनाने उद्या विचारले की कोणते रकाने देऊ आणि ते भरून काय निष्पन्न झाल्याचा तुमचा अनुभव आहे, तर आपण कोणत्या चिकित्सालयातल्या वह्या त्यांच्यासमोर ठेवणार आहोत?

सर्पगंधेची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. निद्रानाशासाठी आणि उन्मादासाठी ही वनस्पती आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाविषयी लिहिले. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाने तिची दखल घेतली ती प्रामुख्याने १९४९ नंतर. त्या वर्षी मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपला अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. पन्नास रुग्ण! आपल्यापैकी कोणीही एका वर्षात याहून अधिक रक्तदाबाचे रुग्ण पाहतो. वकील यांनी नवे द्रव्य शोधले नाही. रुग्णाचा रक्तदाब आधी किती होता, औषधानंतर किती झाला, आणि त्रास कोणाला काय झाला, हे त्यांनी टिपून ठेवले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. द्रव्य आपल्याकडचे आणि कीर्ती दुसऱ्यांची, अशी खंत या गोष्टीच्या शेवटी व्यक्त करण्याची प्रथा आहे. आम्हीही भाषणांत ती केली आहे. आता ती करवत नाही.

याच्या उलट गोष्ट गुळवेलीची. साथीच्या काळात, २०२० मध्ये, घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या काही यकृतविकारतज्ज्ञांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि त्यांनी गुळवेल घेतली होती असे नोंदविले. आयुष मंत्रालयाने ते मत दिशाभूल करणारे ठरविले. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख लेखकांनी पटविलेली नव्हती, हा मंत्रालयाच्या आक्षेपांतील एक मुद्दा होता. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही निराळी. २०२२ मध्ये अनेक केंद्रांतील अधिक रुग्णांचा अभ्यास आला आणि वाद पुन्हा पेटला. आमचे या वादात एकच म्हणणे आहे. ओळख पटवायला हवी होती, हे शंभर टक्के मान्य; पण हा आक्षेप दुसऱ्यावर घेण्याचा अधिकार ज्याने स्वतःच्या पुडीतल्या गुळवेलीची ओळख पटविली आहे त्याला. त्या श्रावणातल्या रात्री आम्हांला तो नव्हता. अज्ञात औषध कसे विषासमान ठरते, याचा इशारा चरकांनी पहिल्याच अध्यायात दिला आहे. तो दुसऱ्यांसाठी आहे असे समजून आम्ही वाचत आलो.

येथे कायद्याची एक बाब सांगणे अगत्याचे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यातील आपल्या औषधांविषयीच्या प्रकरणात उत्पादनाला परवाना आवश्यक ठरविला आहे; पण जो वैद्य किंवा हकीम स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करतो, त्याला यातून वगळले आहे. आपली पुडी या सवलतीवर उभी आहे. कायदा एवढा विश्वास फार थोड्यांवर टाकतो. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विक्रीस असलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून आपल्या औषधांकडे जग साशंकतेने पाहते. ती उत्पादने दुकानात विकली जाणारी होती, वैद्याच्या हातची नव्हती, हे खरे. पण हा भेद आपण कशाच्या आधारे दाखविणार? पुडीवर तर नावही नसते. ही सवलत एखाद्या दिवशी काढून घेतली गेली, तर आपण मोर्चे काढू. आणि समोरचा अधिकारी सौजन्याने विचारील, पुडीत काय होते?

त्या प्रसंगानंतर आम्ही जे सुरू केले ते सांगतो. ते आदर्श नाही. दोनशे पानी साधी वही, प्रत्येक नव्या रुग्णाला एक पान. डाव्या बाजूस दशविधांपैकी त्या रुग्णात जे ठळक दिसेल तेवढेच, उजवीकडे औषध, घटक आणि मात्रेसह. ‘पूर्ववत्’ हा शब्द लिहायचा नाही, असा नियम स्वतःला घातला. तो मोडतो, विशेषतः बाजारच्या दिवशी. प्रत्येक द्रव्याची खरेदी कोणाकडून, कोणत्या तारखेस, याची निराळी वही कंपाउंडरकडे आहे. वनस्पती शक्य तेवढी अखंड मागवितो आणि येथे भरडतो. पुडीवर छापील चिठ्ठी लावतो. नव्या रुग्णामागे चार मिनिटे अधिक जातात आणि दिवसाकाठी पाच-सहा रुग्ण कमी होतात. उत्पन्न घटले. ते येथे लपविण्यात अर्थ नाही.

चिठ्ठीला विरोध झाला तो आपल्याच बंधूंकडून. नाव लिहिले की रुग्ण छायाचित्र काढून तेच दुकानातून घेईल, नाहीतर शेजारचा वैद्य योग चोरेल, असे ते म्हणाले. त्यांचे भाकीत काही अंशी खरे ठरले. एक गृहस्थ चिठ्ठी घेऊन काष्ठौषधीच्या दुकानात गेले, आणि पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. असे आणखीही असतील. योग चोरला जाण्याविषयी मात्र एवढेच म्हणतो की, मिश्रण क्रमांक तीनमध्ये चोरण्यासारखे होते तरी काय?

वहीने आमचीही एक समजूत मोडली. आमवातावर आमचा हातखंडा आहे असे तालुक्यात मानले जाते, आणि आम्हीही मानत होतो. दोन वर्षांची पाने उलटली तेव्हा दिसले की, ज्यांना आम्ही बरे झालेले समजत होतो त्यांपैकी पुष्कळ जण तिसऱ्या भेटीनंतर आलेच नव्हते. त्यांतील काहींना कंपाउंडरने दूरध्वनी केला. कोणी खरेच बरे होते. कोणी वेदनाशामक गोळ्यांवर होते, कोणी शहरात दुसरीकडे उपचार घेत होते. ज्यांना चांगला गुण आला होता त्यांच्या पानांवर एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली : आरंभीचे आठ-दहा दिवस त्यांनी लंघन व लघू आहार खरोखरच पाळला होता. हे ग्रंथात आहेच. पण आम्ही श्रेय चूर्णाला देत होतो.

संघटनेच्या कार्यकारिणीला एक विनंती आहे. संगणकाची, अनुदानाची किंवा दिल्लीच्या परिपत्रकाची वाट न पाहता या त्रैमासिकाच्या पुढील अंकात एका पानाचे रुग्णपत्रक छापावे. ते कसे असावे यावर वाद होतील. ते पत्रक छापून झाल्यावर घालावेत. वर्षाअखेरीस प्रत्येक तालुका शाखेने एकाच व्याधीची, निदान आमवाताची, पन्नास पाने आणावीत. नावे झाकून, आणि अपयशी ठरलेल्या रुग्णांसह.

त्या बाई अजून येतात. गुडघे बरे आहेत, बोटे अधूनमधून सुजतात. मागच्या खेपेस सोबत चौथीतली नात होती. तिने पुडीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचायला घेतली. सुंठ, रास्ना, एरंडमूळ... ‘गुळवेल’ म्हटल्याबरोबर बाईंनी तिला थांबविले. “ही तर आमच्या कुंपणावर आहे की, डॉक्टर! मग इकती का घेता?” आम्ही म्हणालो, असेल, पण गुळवेलीसारख्या दुसऱ्याही वेली असतात. पुढच्या खेपेस पानासकट एक फांदी आणायला सांगितली आहे.